खड्डे पाठ असलेले काका

देवळाली कॅम्पला जाताना मला बहुतेक वेळा तेच रिक्षावाले काका भेटतात. उतार लागला की पेट्रोल वाचवायला ते इंजिन बंद करतात आणि खड्ड्यात रिक्षा आदळली की मागे न बघता ओरडतात, "घ्या, हा तुमचा टॅक्स! पेट्रोलवर घेतला अन् इथं पुरला!" या बडबडीचा मला वैताग यायचा.

ऑपरेशननंतर आईला त्यांच्याच रिक्षातून घरी आणलं. पोटाला टाके होते. शिव्या देऊन देऊन त्यांना प्रत्येक खड्डा पाठ झालेला. त्या दिवशी मुंगीच्या पावलाने जात त्यांनी एकही लागू दिला नाही. वाटभर अवाक्षर काढलं नाही.

उतरताना आई म्हणाली, "रस्ता चांगला केलाय की!"

मी त्यांचे आभार मानणार, तेवढ्यात काकाच म्हणाले, "हो माई, परवाच केला सरकारनं."