डावीकडे ओढणारं चाक

फरशीवाल्याला कामावरचे लोक ओळंबा म्हणायचे. नाव ठेवलं होतं चेष्टेने, पण तो ते पदवीसारखं मिरवायचा. रिकाम्या खोलीच्या दारात उभा राहून, एक डोळा मिटून नुसतं बघायचा आणि सांगायचा, "मागचा कोपरा खाली गेलाय." मग त्याचा भागीदार पाणसळ लावायचा, आणि पाणसळीतला बुडबुडा निमूटपणे ओळंब्याच्या बाजूने साक्ष द्यायचा. या माणसाला वाकडं काही खपत नसे, आणि सगळ्यात जास्त खपत नसे ते कुणी त्यालाच वाकडं म्हटलेलं. पुढे जे झालं ते या स्वभावापायी इतके महिने लांबलं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

एकचाकीचा नाद लागला तो चाळिशी उलटल्यावर. मुलीच्या सायकलचं पंक्चर काढायला म्हणून दुकानात गेला होता. छताच्या हुकाला एक चाक टांगलेलं, वर सीट, खाली दोन पॅडल, बस्स.

"बाकीची सायकल कुठंय?" त्याने विचारलं.

"एवढीच असते ती," दुकानदार म्हणाला. "एका गिऱ्हाइकाने मागवली आणि न्यायला फिरकलाच नाही. मला विचारू नका, मी विकतो, चालवत नाही."

ना हँडल, ना ब्रेक. बसणारा सरळ असेल तरच उभी राहणार. ओळंब्याला वाटलं, ही आपल्याचसाठी केलेली दिसते. घरी आणली तेव्हा बायको हात पुसत दारात आली आणि म्हणाली, "अर्धीच आणलीत? उरलेली पगार झाल्यावर का?"

शिकला तो घरच्या अंगणात. अंगणाची फरशी त्याची स्वतःची, घर बांधलं तेव्हा हाताने बसवलेली. उंबऱ्यापासून फाटकापर्यंत फरशांचा एक लांब सांधा गेला होता आणि तो केसभरही हलत नव्हता. डाव्या हाताला भिंत होती. सुरुवातीला ती भिंत धरून तो चालवायचा, पडायचा, आणि पडला की बायको आतून ओरडायची, "नाचता येईना अंगण वाकडं!"

"अंगणाला नाव ठेवायचं नाही," तो गुडघा चोळत म्हणायचा. "अंगण माझं आहे."

मुलगी तेव्हा शाळेत होती. बापाचा खांदा धरून तिने त्याच्याआधी तोल सांभाळला. पुढे रविवारी दोघं एकामागून एक त्या सांध्यावरून जायचे, आणि गल्लीतले लोक फाटकाशी उभे राहून हसायचे. ते दिवस फार चांगले होते.

हौसेला मोल नसतं म्हणतात. एकचाकीवाल्याच्या हौसेला तळही नसतो. छोट्या चाकावर पाय मरेस्तोवर मारावेत तेव्हा कुठे कोपरा येतो, म्हणून मधलं चाक आलं. मग मऊ सीट, मग वेगासाठी पॅडलचे आखूड दांडे, मग बूट घसरू नयेत म्हणून काटेरी पॅडल. त्या काट्यांनी त्याच्या नडग्या अशा सोलल्या की बायकोने त्याला घरात लांब पँट घालायची सक्ती केली.

आणि या मधल्या चाकावरच ते सुरू झालं. चाक डावीकडे ओढायला लागलं.

थोडंच. रस्त्याच्या मधून निघावं आणि दोन घरं जाईपर्यंत कडेला लागावं, इतकंच. ओळंब्याने आधी रस्त्याला दोष दिला, कारण रस्ते कडेला उतरते असतात आणि काही टायर उतार पकडतात, हे एकचाकीवाल्यांना ठाऊक असतं. त्याने टायर बदलला. मग सीट वाकडी असेल म्हणून सोडून पुन्हा बसवली. मग चाकाला आउट असेल, म्हणजे ते लचकत असेल, म्हणून अख्खा दिवस तारा कसत बसला. प्रत्येक वेळी पहिला दिवस, सगळं लक्ष चाकावर असायचं म्हणून, बरा जायचा. चौथ्यापाचव्या दिवशी चाक पुन्हा डावीकडे.

मुलगी पोहणं शिकवायच्या नोकरीसाठी दुसऱ्या गावी निघाली तेव्हा त्याने मधलं चाक तिला देऊन टाकलं. "ओढतं हं डावीकडे," त्याने बजावलं. "जपून."

महिन्याभराने तिचा फोन आला. "बाबा, ही काही ओढत नाही. मी रोज चालवते."

"तू हलकी आहेस म्हणून," तो म्हणाला. "माझ्या वजनाला ओढते."

तिला ते पटलं. त्यालाही पटलं. त्या फोनवर दोघांपैकी एकाने जरी थांबून विचार केला असता तर काय झालं असतं, हे आता कुणी सांगावं?

घरात बाकी गोष्टी होत होत्या. स्वयंपाकघरातून बाहेर येताना त्याचा डावा खांदा चौकटीला घासायचा. रोज. चौकटीचा रंग तिथे उडाला. चहाचा कप तो टेबलाच्या डाव्या कडेला इतका टेकवून ठेवायचा की दोन कप फुटले, आणि दोन्ही वेळा तो टेबल हलतं म्हणाला. सकाळी उठला की डोकं धरून बसायचा. बायकोने रात्री त्याच्या खांद्याला मलम लावताना तिथलं काळंनिळं बघितलं आणि ती चेष्टा विसरली.

"अहो, डॉक्टरांना दाखवू या ना."

"आधी चाकाला दाखवतो," तो म्हणाला. "दोष त्याचा आहे."

पण त्या दिवसापासून तो दारातून जाताना ती मान वळवून बघायची, आणि खांदा लागल्याचा आवाज आला की हातातलं काम थांबवायची.

कामावरही एक प्रकार झाला होता. एका मोठ्या खोलीत त्याने दोरीशिवाय नुसत्या नजरेने रांग लावली. भागीदार बराच वेळ त्या रांगेकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "ओळंब्या, भिंतीपाशी सरकलीय रे."

"भिंत वाकडी आहे," ओळंबा म्हणाला.

भागीदाराने वाद घातला नाही. ओळंबा जेवायला गेल्यावर त्याने रांग उचलली आणि दोरी लावून पुन्हा बसवली. मैत्रीखातर केलं, आणि मैत्रीखातरच कुणाजवळ बोलला नाही. ही असली मैत्री माणसाला खड्ड्यात घालते.

मग मोठं चाक आलं. दुकानदाराने खास मागवलं होतं. त्यावर बसला की ओळंब्याचं डोकं फाटकाच्या वर जायचं आणि शेजाऱ्यांच्या अंगणातलं वाळत घातलेलं दिसायचं. याच्यावरून नदीचा जुना पूल ओलांडायचा, हे त्याने चाक यायच्या आधीच ठरवलं होतं. पूल लांब आणि अरुंद, आणि जाताना डाव्या हाताला जो कठडा लागतो तो उभ्या माणसाच्या गुडघ्याएवढा. त्याखाली पाणी. पुढच्या रविवारी सकाळी जाणार होता आणि बघायला मुलीला बोलावलं होतं.

पहिल्या दिवशी मोठं चाक सरळ गेलं. शुक्रवारी ते डावीकडे ओढायला लागलं.

ओळंबा संतापला. नवं कोरं चाक, आणि तोच दोष! तो दुकानात गेला. दुकानदाराने चाक उलटंसुलटं फिरवून पाहिलं, बेरिंग पाहिलं, खांदे उडवले.

"मला तर काही दिसत नाही. तुमच्याशिवाय चालवतो कोण इथे? दाखवायचं कसं?"

"दाखवतो," ओळंबा म्हणाला. "असं दाखवतो की तुम्ही नाही म्हणू शकणार नाही."

फरशीच्या कामात सरळ रेघ मारायची तर दोरीला गेरू लावतात, ताणून धरतात आणि सोडतात. लाल रेघ उमटते आणि ती कुणाची भीड धरत नाही. ओळंब्याने ठरवलं, टायरला गेरू फासायचा, अंगणातल्या सांध्यावरून चालवायचं आणि उमटलेल्या रेघेचा फोटो दुकानदाराच्या तोंडावर धरायचा. रविवारी दुकान दुपारी उघडायचं. पूल मात्र सकाळीच गाठायचा होता. "तेवढं ओढणं मी सांभाळून घेईन," असं तो म्हणाला. बायकोने ते ऐकलं.

रविवारी मुलगी आली ती सामान न ठेवताच स्वयंपाकघरात गेली. आईने तिला चौकटीवरचा उडालेला रंग दाखवला. नुसतं बोट ठेवलं. तेवढ्यात बाहेरून बापाने हाक मारली.

अंगण कोरडं होतं. त्याने टायरला गेरू फासला, उंबऱ्यापाशी भिंत धरून वर चढला आणि निघाला. मुलगी बघत होती. बाप ताठ बसला होता, मान सरळ, नजर फाटकावर. आणि चाक सांध्यावरून सुटून हळूहळू, एकसारखं, भिंतीकडे चाललं होतं. त्याच्या चेहऱ्यावर ते कुठेच नव्हतं. त्याच्या मते तो सरळच चालला होता. खांदा भिंतीला घासला तेव्हा कुठे त्याने हात टेकला आणि खाली उतरला.

"बघितलंस?" तो विजयाने म्हणाला. "आता तू बस. दोन रेघा झाल्या की दुकानदाराचं तोंड बंद."

"बाबा, नको."

"अगं बस! तुझं माझं ऐकायचं वय राहिलं नाही का?"

त्याने टायरला पुन्हा गेरू लावला आणि चाक धरून ठेवलं. तिने त्याचा खांदा धरला, लहानपणी धरायची तसाच, आणि तो दुखल्यामुळे आक्रसला हे तिच्या हाताला कळलं. ती वर चढली. चाकाच्या पहिल्या दोन फेऱ्यांना डगमगली, मग सावरली. अंगणाच्या अर्ध्यात पोचेपर्यंत तिला समजलं की चाक कुठेही ओढत नाही. मुद्दाम डावीकडे वळावं का, असं तिच्या मनात आलं. वळली असती तर त्याचं समाधान झालं असतं, आणि मग तो पुलावर गेला असता. ती सरळ फाटकापर्यंत गेली आणि फाटक धरून उतरली.

मागे वळून पाहायला तिला धीर होईना.

ओळंबा अंगणाच्या मधोमध उकिडवा बसला होता. मुलीच्या चाकाची लाल रेघ उंबऱ्यापासून फाटकापर्यंत सांध्यावर अशी पडली होती की सांधा दिसत नव्हता. तिच्या शेजारून त्याची स्वतःची रेघ निघाली होती आणि भिंतीत जाऊन संपली होती. त्याने एक डोळा मिटून पाहिलं. मग दुसरा मिटून पाहिलं. आयुष्यभर जे काम केलं तेच तो करत होता, आणि यावेळी त्याला भीती वाटत होती.

"मी हलकी आहे ना, बाबा," मुलगी घाईघाईने म्हणाली. "म्हणून."

"नाही गं," तो म्हणाला.

बोटाने त्याने आपल्या रेघेवरचा गेरू थोडा पुसला, जणू तेवढ्याने ती सरळ होणार होती. टायर, सीट, तारा, पॅडल, नवं चाक. सगळं बदलून झालं होतं. बदलायचं काही उरलं नव्हतं. उभं राहताना त्याचा तोल गेला तसं मुलीने धावत येऊन त्याचा डावा दंड धरला, आणि त्याने तो सोडवून घेतला नाही.

बायको दारात उभी होती. या वेळी ती अंगणाबद्दल काही म्हणाली नाही.

"अगं," त्याने विचारलं, "कुठल्या डॉक्टरांचं म्हणत होतीस तू?"