एमआरआय नॉर्मल होता, ताई आजारी होती

माझी बहीण नाटक करत नव्हती.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सकाळी जानेफळच्या चौकातल्या बॅनरचा फोटो फॅमिली ग्रुपवर आला. सुनंदाताईचा मोठा फोटो, खाली लिहिलंय, 'सदा हसतमुख, मनमिळाऊ'.

सदा हसतमुख?

शेवटची दोन वर्षं ही बाई हसली नव्हती. एका घरात राहून तुम्हाला एवढंही दिसलं नाही?

तिकडे जानेफळला, तिच्या सासरी, आज वर्षश्राद्धाची पंगत आहे. मी गेलो नाही. इथे चिखलीत बसून हे टाइप करतोय. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल अनफ्रेंड करा.

आम्हाला पहिल्यांदा काहीतरी दिसलं ते आमची आई गेली तेव्हा.

आमच्याकडे मयताच्या घरी लेक आली की बायका तिच्या गळ्यात पडतात आणि मोठ्यानं रडणं सुरू होतं. ताई आली. बायका उठल्या, गळ्यात पडल्या. ताई नुसती उभी, डोळे कोरडे. मला विचारलं, "आईनं सकाळी चहा घेतला होता का रे?"

आमच्या आत्यानं तिच्या दंडाला चिमटा काढला. खरंच काढला.

"रड वं. लोकं पाहून राह्यले."

तेरवीपर्यंत गावभर झालं होतं, की मास्तरच्या, म्हणजे माझ्या, बहिणीला आईचं काहीच वाटलं नाही.

तेरवीच्या दिवशी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "संजू, आई गेली हे मले समजते रे. पण आत काहीच हालत नाही. रडू नाही, आनंद नाही. पोरीचा पहिला नंबर आला, तवाही असंच झालं."

मी आणि भावजी तिला अकोल्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डिप्रेशन निघालं. डॉक्टर म्हणाले, "मेंदू सुखदुःख जसं हाताळतो, त्यातच या आजारात बिघाड होतो. काही पेशंट सारखे रडतात, काहींना काहीच जाणवत नाही. त्यांना दगडाच्या काळजाचं म्हणू नका."

गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी मी राखीपौर्णिमेला उशिरा येणार म्हटलं, तर ताई फोनवर चिडली माझ्यावर. मला केवढं बरं वाटलं.

पण सासरच्यांना गोळ्या पटेनात. "डोक्याचा फोटो काढा, म्हणजे समजंन काय हाय ते."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. "गाठ वगैरे नाही ना, एवढंच त्यात कळेल. डिप्रेशन त्यात दिसणार नाही. विहिरीवरच्या मोटरचा फोटो काढला तर मोटर दिसते, पाणी किती ओढते ते दिसत नाही."

भावजींनी मान हलवली. मी पण हलवली.

तरी एमआरआय केला. रिपोर्ट आला, नॉर्मल. भावजींनी गाडीत बसल्या बसल्या ग्रुपवर टाकलं, 'एमआरआय नॉर्मल. काही निघालं नाही.' खाली अंगठे, जोडलेले हात, आत्याकडून फुलांचा गुच्छ. सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले.

आणि त्याच आठवड्यात गोळ्या बंद. डॉक्टरांना एका शब्दानं न विचारता.

"फोटोत काहीच नाही निघालं, मंग गोळ्या कायले खाऊन राह्यली?"

त्यानंतर तिचं काहीही दुखलं की उत्तर तयार. डोकं दुखतं? रिपोर्ट नॉर्मल हाय. जेवण जात नाही? रिपोर्ट नॉर्मल हाय. सकाळी उठवत नाही? नाटकं.

मी भावजींना फोन केला होता. ते म्हणाले, "आमच्या घरचं आम्ही पाहतो." मी गप बसलो. सोयरीक बिघडू नये म्हणून. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, मेंदूचे भाग पोरांकडून पाठ करून घेतो, लेको, आणि मी गप बसलो.

मागच्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. चार दिवस ती घरात सांगत होती. त्याच सपाट आवाजात, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसं. पाचव्या दिवशी चूल पेटवताना पडली, तेव्हा दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं, पण इन्फेक्शन सगळीकडे पसरलं होतं.

सर्जननं माझ्यासमोर विचारलं, "चार दिवस यांनी काही सांगितलं नाही?"

भावजी म्हणाले, "सांगून तं राह्यली होती. पण तिचं नेहमीचंच होतं न, साहेब."

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ताई गेली. तिच्या मयतात सगळ्या बायका अशा रडल्या की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात होतं. मला कुणाचंच सांत्वन नको होतं. अजून नको आहे.

डोळे पुसत पुसत "आमच्या लक्षातच नाही आलं" म्हणणाऱ्यांनो, लक्षात आलं होतं. तिनं तोंडानं सांगितलं होतं. तुम्हाला आरडाओरडा पाहिजे होता, आणि त्या आजारानं तिचं ओरडणंच नेलं होतं.

आता जे मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही ते सांगतो.

पोट दुखायला लागल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मलाही फोन केला होता. मधल्या सुट्टीत. "संजू, पोटात दुखून राह्यलं रे." मी आवाज ऐकला. आवाजात दुखणं नव्हतं. म्हटलं, गॅस असेल, जिऱ्याचं पाणी पी.

ती म्हणाली, "हाव, पेतो."

त्या दिवशी शाळेतून निघून गाडीवर जानेफळला गेलो असतो, तर ती आज असती.

ताई, तुझं दुखत होतं. तू सांगितलंस आणि मी मानलं नाही.

तुला तुझ्या भावाची श्रद्धांजली.

— संजू