कानबाईच्या भिंतीतली वायर

गल्लीत केबल आली तेव्हा मी हट्टच धरला. लग्नाला बारा वर्षं झालेली, आणि स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही पहिली गोष्ट. टीव्ही होताच, पण मधल्या खोलीत. तिथवर वायर न्यायची तर बाहेरच्या खोलीतल्या कानबाईच्या भिंतीवरूनच. श्रावणात आमची कानबाई, म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची देवी, त्याच भिंतीशी बसते. सासरे, म्हणजे आबा, एवढंच म्हणाले, "भिंतवर वायर दिसनी, तं कापी टाकसू."

मी म्हटलं, दिसणारच नाही. आमचं धुळ्याचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं, आणि मातीकाम माझ्या हातात माहेरापासूनचं. केबलवाल्याला सांगितलं, वायर सोडून जा, बाकीचं मी बघते. तो हसला. हसू दे. खुरप्याने बोटभर खोल चर पाडला, वायर दाबली, वरून भुसा-शेण घालून मळलेली माती लिंपली, वाळल्यावर चुना दिला. आबांनी भिंतीवरून हात फिरवला आणि माझं खुरपं स्वतः धुऊन ठेवलं. आबांची शाबासकी अशीच असते, हे सगळ्या घराला ठाऊक.

श्रावण आला. कानबाईच्या वर फुलोरा टांगायचा म्हणून आबा खिळा-हातोडा घेऊन स्टुलावर चढले. म्हणाले, "वायर कोठे शे?" आता बघा, काम इतकं साफ झालेलं की मलाच सांगता येईना. पण जमलेल्या भाऊबंदांसमोर तसं म्हणायचं कसं? मी खुशाल बोट ठेवलं, इथे ठोका. दुसऱ्या घावाला मधल्या खोलीतून जावा ओरडल्या, चित्र गेलं.

रविवारी कानबाई बसली की सोमवारच्या विसर्जनापर्यंत आमच्याकडे त्या भिंतीला हात लावत नाहीत. सोमवारी विसर्जन करून आले आणि सरळ आबांसमोर उभी राहिले.

"आबा, खूण न ठेवता बुजवली, ही माझी चूक. संध्याकाळपर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर मीच कापते."

आबांनी खुरपं पुढे केलं.

या वेळी वायर खाली आणली. जमिनीलगत भिंतीला गेरूचा पट्टा असतो ना, त्याच्या आत पुरली, वर पुन्हा गेरू फिरवला. तुटल्या जागी केबलवाल्याने जोड दिला, आणि तो हसला नाही. संध्याकाळच्या बातम्या आबांनीच लावायला सांगितल्या.

पुढे कुणीही खिळा घेऊन उभं राहिलं की आबा ओट्यावरूनच सांगायचे, "गेरूना वर कोठेबी ठोका. सूनबाईनी वायर खाले शे."