धनश्रीच्या लग्नाची भिंत

गोडादऱ्यातल्या खानदेशी गल्ल्यांत लग्न निघालं, की घराच्या भिंतीवर नवरानवरीची नावं लिहायला हिलाल पेंटरलाच बोलावतात. त्याच्या प्रत्येक अक्षराला सावली, सावलीला किनार, किनारीला मोती आणि जागा उरलीच तर मोर. जागा नसली तरी मोर. स्वतःच्या लेकीच्या भिंतीसाठी तर त्याने तिच्या बारशापासून दोन मोर मनात राखून ठेवले होते.

लेक धनश्री फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बॅनर बनवते. लग्न ठरल्यावर तिने बापापुढे मोबाइल धरला. "पप्पा, आमची नावं या फॉन्टमध्ये लिहा."

हिलालने पाहिलं. सगळ्या रेषा एका जाडीच्या, गोलाई कंपासने काढल्यासारखी, शेपूट नाही, सावली नाही.

"हाई तं उघडं शे वं, माय! याना अंगवर काहीतरी घाल."

"मला असंच हवंय."

लग्न तिचं होतं. हिलालने दोन्ही मोर गिळले.

पण त्याचा हात सवयीने प्रत्येक गोलाला शेवटी झोकदार वळण देई. मग त्याने गोल आखायला वाट्या, ताटल्या आणि अखेर बायकोची, उषाबाईची, परातच भिंतीला लावली. उषाबाईने भाकरीचं पीठ पातेल्यात मळलं आणि नवऱ्याचा यथेच्छ उद्धार केला. भिंत मात्र झकास उतरली. पांढऱ्यावर निळी, स्वच्छ, गोल गोल नावं. ती आपल्याला मोरांपेक्षा आवडतेय, याचा हिलालला भयंकर राग आला.

मांडव घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर होता. सचिन गावाहून वऱ्हाड नाचत-वाजत आलं. नवरदेवाचा काका राघो सगळ्यांत पुढे. हिलाल पेंटरचं घर म्हणजे भिंतीवर मोर असणारच, म्हणून तो मोर शोधत होता. मोर नाही, पांढऱ्यावर साधं निळं 'धनश्री' एवढंच दिसताच त्याने दोन्ही हात वर केले.

"वाजा बंद करा रे! दवाखाना शे!"

बँड गप्प झाला. अख्खं वऱ्हाड पाय न वाजवता भिंतीपुढून सरकू लागलं. "कोन भरती शे?" एका बाईने हळूच विचारलं.

हिलाल फेटा सावरत मागे धावला. "ओ व्याही! आठेच शे लगीन!"

"हळू बोला," राघो कुजबुजला, "पेशंट झोपेल व्हई."

खुलासा झाल्यावर वऱ्हाड पोट धरून हसत मांडवाकडे परतलं. हिलालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निदान एक तरी मोर काढावा म्हणून तो ब्रश घेऊन भिंतीला भिडला, तोच मुंडावळ्या बांधलेली धनश्री बाहेर आली आणि तिने ब्रश हिसकावून घेतला.

"पप्पा, भिंत माझी आहे. एक टिकलीसुद्धा लावायची नाही."

हिलाल रडला. पाठवणीचं रडू त्याने तिथेच उरकलं.

पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावर नवा दवाखाना काढणारा एक डॉक्टर आला. ती भिंत त्याच्या मनात भरली होती. "मलाही हुबेहूब हेच अक्षर द्या."

"ते नाही मिळणार," हिलाल म्हणाला. "ते लग्नाचं अक्षर आहे."

त्याने डॉक्टरच्या पाटीला सावली, किनार, मोती आणि लेकीसाठी राखलेले दोन्ही मोर देऊन टाकले. आता तिथे तापाने फणफणलेला माणूसही आधी पंगत कुठे बसलीय ते विचारतो.