हळदीच्या आधीचं वीजबिल

१८ एप्रिल. बिलाची रक्कम चौदा हजार आठशे साठ रुपये. हजर: मी, माझी बायको आणि आमच्या दारासमोरच्या खांबाला शिडी लावून वर चढू लागलेला वायरमन. परतूरच्या आमच्या घरात चार दिवसांनी मुलीची हळद होती.

लग्नासाठी घर रंगवलं, तेव्हा रंगाऱ्यानं मीटरच्या काचेवरही ब्रश फिरवला होता. रंग पुसला, पण एक ठिपका राहिला. त्याखाली आठाच्या आकड्याची डावीकडची खालची काडी झाकली गेली आणि रीडिंग घेणाऱ्याला तिथे नऊ दिसला. एक हजार युनिट जास्त लागले. ठिपका खरवडून मी मीटरचा फोटो काढला, वीज कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. तिथलं उत्तर एकच होतं: आधी भरा, मग बघू.

वायरमन म्हणाला, "काका, थकबाकी हाय. लाइन कापाया सांगितलंय."

पाहुणे यायचे होते. भरून टाकावेत, असं मला वाटून गेलं.

बायको ओट्यावरून म्हणाली, "भाऊ, नोटीस कुठाय?"

"बिल आलंय की, ताई."

"ते बिल झालं. कापायच्या आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. कायद्यात हाय, आम्ही दोघांनी बसून वाचलाय."

"मला वरून सांगितलंय."

"मंग वरून कागद बी आला असंल. दाखवा."

तो हसला. "ताई, तुम्ही साहेब व्हायला पायजे होतं."

"हळद झाल्यावर बघते. आधी खाली उतरा, चहा घ्या."

तो उतरला. त्याच कायद्यात आणखी एक सोय आहे. बिलावर वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली कमी असेल ती हरकत नोंदवून भरायची. निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. आमच्या सहा बिलांची बेरीज सात हजार चारशे चाळीस, सरासरी बाराशे चाळीस. तेवढे मी त्याच दिवशी भरले.

हळदीला पाहुणे दिव्यांच्या माळांचं कौतुक करत होते. मी मात्र ताटं वाढणाऱ्या बायकोकडेच बघत होतो.

पुढे मीटर तपासला गेला. दुरुस्त बिल आलं तेराशे दहा रुपयांचं. उरलेले सत्तर रुपये बायकोनं स्वतः जाऊन वीज कार्यालयाच्या रोखपालाकडे भरले.