गुडघाभर पाणी

आपल्याला आयुष्यात कधी कुणाचा हेवा वाटला नाही, असं उल्हास सामंत छातीठोकपणे सांगत आला होता. मित्रांच्या मुलांना मोठमोठ्या युनिव्हर्सिट्या मिळाल्या, जुन्या दोस्ताने, प्रतापने, तळ्याकाठी घर घेतलं, तरी याचं पोट दुखलं नाही. ते दुखलं अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या स्वतःच्या बैठकीच्या खोलीत, आणि तेही सख्ख्या बायकोमुळे.

रेखा आणि तिची मैत्रीण शुभा दोघीच इटलीच्या किनाऱ्यावर भटकून आल्या होत्या. शुभा निवृत्त डॉक्टर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पायाला भिंगरी. आता इथल्या मराठी मंडळाचा रिवाज असा, की कुणी ट्रिप करून आलं की त्याच्या घरी पॉटलक ठेवायचा, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ घेऊन यायचं, आणि जेवणानंतर टीव्हीवर फोटो पाहायचे. त्याप्रमाणे बटाटेवडे, मसालेभात आणि कुणीतरी आणलेला पास्ता चापून मंडळी सोफ्यावर रेलली होती.

खरं तर उल्हासलाही त्या दोघींनी चल म्हणून आग्रह केला होता. पण हिवाळ्याच्या तोंडाशी त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने उन्हाळ्यापर्यंत पोहणं बंद केलं. समुद्राकाठी जाऊन वाळूत बसून राहायचं, ही कल्पनाच त्याला सहन होईना. लोकांना मात्र त्याने सांगितलं, "वेंगुर्ल्याचा समुद्र पाहिलेल्या माणसाने भूमध्य समुद्रात काय बघायचं?" कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं.

फोटो सुरू झाले. कामोग्ली गावातली समुद्राकडे तोंड करून उभी असलेली पिवळी-केशरी घरं. पाइनच्या झाडीतून डोंगरावर चढणारी पायवाट, आणि ती उतरते तिथे एक चिमुकली खाडी. ताटलीत लिंबू पिळलेले इवलेसे मासे. मग एका भटारखान्यातली भलीथोरली तांब्याची परात.

"ही फारिनाता," रेखा सांगत होती. "हरभऱ्याच्या पिठाचं आपलं धिरडंच हो, पण भट्टीत भाजलेलं. रोज चालून आलं की गरमगरम खायचो."

"आणि हे मासे म्हणायचे?" उल्हास मागून बोलला. "आमच्या बांगड्याची सर येणार आहे का या टीचभर पोरांना?"

लोक हसले. मग व्हिडिओ लागला. एक अर्धवर्तुळाकार, निवांत किनारा, हिरवट निळं पाणी, आणि त्या पाण्यावर हात पसरून उताणी पडलेली निळ्या टोपीतली एक बाई. ती डोळे मिटून तरंगत राहिली, मग सावकाश पालथी झाली आणि हात मारत कॅमेऱ्याकडे आली.

"अगंबाई, ही कोण?" मंडळातल्या थोरल्या लताकाकूंनी विचारलं.

"कोण म्हणजे? रेखा!" शुभा म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. उल्हासने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याच्या हातात पाण्याचा ग्लास होता, असं तो नंतर स्वतःला सांगत राहिला.

हे त्याला एवढं का झोंबलं ते कळायला त्याचं आयुष्य थोडं सांगायला हवं. उल्हास वेंगुर्ल्याचा, चालायच्या आधी पोहायला शिकलेला. इंजिनियर होऊन मिनेसोटात आला तेव्हा घर कुठे घ्यायचं हे न विचारता पोहायला कुठे मिळेल हे त्याने आधी विचारलं. नोकरीतलं त्याचं काम आज कुणाला आठवत नाही, पण मंडळातल्या पोरांच्या दोन पिढ्यांना कम्युनिटी सेंटरच्या तलावात त्याने पोहायला शिकवलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. भित्र्यातलं भित्रं पोर त्याच्याकडे यायचं. पोराच्या पाठीखाली तळवा धरून तो म्हणायचा, "अंग सैल सोड. पाणी उचलतं. मी आहे इथेच." पोर कितीही रडो, उल्हासकाकाचा आवाज कधी चढला नाही.

आणि त्याच्या बायकोला पोहता येत नव्हतं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

रेखा नागपूरची. समुद्र तिने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला. इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात उल्हासने तिला मित्रांबरोबर तळ्यावर नेलं. तिने त्याच्या गळ्याला मिठी मारली, ती याने सोडवली आणि "मार आता हात" म्हणाला. ती गटांगळी खाऊन खोकत उभी राहिली तर पाणी गुडघ्याइतकंच होतं. मित्र खो खो हसले. तरणाताठा नवरा, त्याला लाज वाटली आणि तो तिच्यावरच खेकसला. घरी येईपर्यंत त्याचा राग गेला आणि त्या प्रसंगाचा विनोद झाला. तेव्हापासून पोहण्याचा विषय निघाला की हा सुरू, "आमची ही गुडघाभर पाण्यात बुडाली!" गटांगळीची नक्कलसुद्धा करायचा. रेखाही हसायची. ती पुन्हा पाण्यात उतरली नाही एवढंच.

तर आता ती उतरली होती. आणि उतरवणारा उल्हास नव्हता.

मंडळी गेल्यावर त्याने भांडी डिशवॉशरला लावता लावता, सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुणी शिकवलं?"

"शिकले," रेखा म्हणाली. "सांगेन कधीतरी."

झालं. त्या "कधीतरी"ने त्याची झोप उडवली. रेखा स्वयंपाकघरात असली की हा आयपॅड उघडून फोटो चाळू लागला. एका फोटोत भुरकट केसांचा, उन्हाने रापलेला कायाकवाला, म्हणजे चिंचोळ्या होड्या भाड्याने देणारा, रेखाच्या हातात वल्हं देत होता. दात जरा जास्तच पांढरे. हाच तो, उल्हासने ठरवलं. त्याच्या बायकोच्या पाठीखाली या माणसाने तळवा धरला असणार, इटालियनमध्ये काहीतरी गोड बोलला असणार! त्या दिवसापासून घरात येणाऱ्या ऑलिव्ह ऑइलशी त्याने वैर धरलं. रेखा सॅलडवर तेल सोडायला लागली की तो म्हणे, "हे खायचं की सांध्यांना चोळायचं?" ती सकाळी एकटीच लांब चालून यायची तेव्हा हा खिडकीत चहा घेऊन फुरंगटून बसायचा. शेवटी न राहवून त्याने शुभाला फोन केला.

"कायाकवाला?" शुभा फोनवर हसत सुटली. "अरे, तो बिचारा आम्हाला लाइफजॅकेट घालून अर्धा तास फिरवून आणायचा. उल्हास, तू जेलस आहेस यार!"

"मी? छे!" म्हणून त्याने फोन ठेवला आणि पुन्हा फोटो पाहिला. दात होतेच पांढरे.

जूनमध्ये डॉक्टरने पाण्यात हळूहळू उतरायची परवानगी दिली. उल्हास कम्युनिटी सेंटरवर चौकशीला गेला तर तलावाच्या काठावर अनया भेटली. ही लताकाकूंची नात. लहानपणी पायऱ्यांना घट्ट धरून भोकाड पसरायची, ती आता मोठ्या माणसांना पोहणं शिकवते.

"काका! काकूंचा व्हिडिओ पाहिला, सो प्राउड ऑफ हर!" ती म्हणाली. "ऑक्टोबरमध्ये तर शी वुडन्ट इव्हन लेट गो ऑफ द वॉल."

"ऑक्टोबरमध्ये?"

"म्हणजे... तिने तुम्हाला अजून नाही सांगितलं? ओह नो."

ऑक्टोबर ते एप्रिल, मंगळवारी आणि गुरुवारी रेखा योगाच्या क्लासला म्हणून जात होती. हा खांदा शेकत घरी बसलेला असायचा. क्लासहून आली की ती बकासुरासारखी जेवायची. योगाने एवढी भूक लागते होय, असं वाटलंही होतं त्याला. पोहून आलेल्या माणसाची भूक जन्मभर ओळखणारा हा पठ्ठ्या, बायकोच्या ताटाकडे बघून त्याला कळलं नव्हतं.

"मी काही वेगळं नाही केलं, काका," अनया घाईघाईने म्हणाली. "तुमचंच सगळं. 'पाणी उचलतं, मी आहे इथेच.' मराठीतच म्हणायचे, इंग्लिशमध्ये ते वर्कच नाही करत. अँड यू नेव्हर येल्ड अॅट अस. सो मीही नाही."

उल्हास गाडीत येऊन बसला तो फुलून. म्हणजे इटालियन नाही, कुणीच नाही, शेवटी विद्या आपलीच! प्रतापला आधी सांगायला हवं. त्याने फोनही काढला. मग अनयाचं शेवटचं वाक्य त्याला पुन्हा ऐकू आलं. आमच्यावर तुम्ही कधी ओरडला नाहीत. आमच्यावर. त्याने फोन खिशात ठेवला.

घरी रेखा ओव्हनमधून फारिनाता काढत होती. तो दारातच म्हणाला, "अनया भेटली. मला का नाही सांगितलंस? मी शिकवलं असतं."

रेखाने तवा खाली ठेवला. "शिकवलं असतंत. आणि मग दर पॉटलकला सांगितलं असतंत, शेवटी मी हिला पाण्यात उतरवली म्हणून. बुडाले ती तुमची गोष्ट झाली. तरंगले असते तीही तुमचीच झाली असती. मला एक तरी माझी हवी होती."

"अगं, तो विनोद होता."

"तुमचा," ती म्हणाली.

त्याने एक तुकडा उचलून खाल्ला. चांगली झाली होती. तसं म्हणायला मात्र त्याला रात्रीच्या जेवणापर्यंत वेळ लागला.

जुलैत मंडळाची पिकनिक तळ्यावर होती, त्या जुन्याच तळ्यावर. कणसं भाजली जात होती, पोरं पाण्यात धुडगूस घालत होती. रेखाने निळी टोपी घातली आणि सरळ आत गेली. काठावर उभं राहून उल्हास तिच्याकडे बघत राहिला. तिच्या डाव्या हाताची फेक जरा आखूड पडत होती. ते सांगायला तोंड उघडलं आणि त्याने मिटलं. त्याला तिचा हेवा वाटत होता, तिच्या धडधाकट खांद्यांचा, एवढा हिवाळा तिने पोटात ठेवलेल्या गुपिताचा. आणि अनयाचा तर फारच.

मग तोही उतरला. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, आणि तिथे तो थबकला. ऑपरेशननंतर खांद्याने पाणी पाहिलं नव्हतं. हात उचलला जाईल की नाही? वेंगुर्ल्याच्या पोराला जन्मात पहिल्यांदा पाण्याची भीती वाटली.

रेखा पोहत त्याच्याजवळ आली, उभी राहिली आणि तिने त्याच्या पाठीखाली तळवा धरला.

"अंग सैल सोडा," ती म्हणाली. "पाणी उचलतं. मी आहे इथेच."

हे वाक्य माझं आहे, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं.

तेवढ्यात काठावरून कणीस खात प्रताप ओरडला, "वहिनी, कमाल केलीत! पण खरं सांगा, शिकवलं कुणी? या उल्हासनेच ना?"

 रेखा उल्हासकडे बघत राहिली. काठावरचे दोघेचौघे, नेहमीचा विनोद येणार म्हणून आधीच हसायला लागले होते.

"मी नाही," उल्हास ओरडून म्हणाला. "तिचं ती शिकली."

खोटं कशाला सांगा, म्हणताना त्याच्या पोटात दुखलंच. मग त्याने डोळे मिटले आणि तिच्या तळव्यावर पाठ टाकली.