नवलकोलाला दुहेरी खुराक

ताईचं लग्न झालं नाही असं लोक म्हणायचे, ती म्हणायची, "केलं नाही. घरात दोन हट्टी पुरुष आधीच आहेत, तिसरा कशाला?"

ते दोघे म्हणजे काका आणि तिचा धाकटा भाऊ. काकांचा जीव शेणखताच्या खड्ड्यात अडकलेला. भाऊ खतांच्या दुकानात कामाला, त्यामुळे त्याचा जीव पोत्यात. जेवायला बसलं की काका सुरू करायचे, "तुझ्या पावडरीने माती मेली." भाऊ म्हणायचा, "आणि तुमच्या शेणाने पिकाचं पोट भरतं होय?" मग ताई आमटीचं पातेलं असं आपटायची की दोघंही गप्प.

शेत ताईच सांभाळायची. नवलकोल लावायची आणि दवाखान्याच्या स्वयंपाकघराला पुरवायची. तिथला आचारी महाखट. गड्डा मुठीएवढा हवा, कोवळा हवा, चीर गेलेला अजिबात नको.

रोपांनी नुकतंच मूळ धरलं होतं आणि ताईचा पाय विहिरीच्या पायरीवर मुरगळला. पाय सुजून भोपळ्यासारखा झाला. खाटेवरूनच तिने दोघांना बजावलं, "खतं मी घातली आहेत. तुम्ही फक्त पाणी द्यायचं." दोघांनी शहाण्या मुलांसारख्या माना डोलावल्या.

सूज उतरायला महिना-दीड महिना गेला, मग ती काठी टेकत शेतात गेली. लांबून हिरवंगार दिसत होतं. क्षणभर तिला बरं वाटलं. जवळ जाऊन पानं बाजूला सारली, तर गड्डे वरपासून खालपर्यंत उकललेले. पलीकडे काही झाडं माना टाकून उभी. एक उपटलं, तर मुळं कुरतडलेली आणि खाली अर्धं कुजलेलं शेण. त्यात हुमणीची जाडजूड अळी आरामात वेटोळं करून पडलेली.

तिने दोघांना तिथेच बोलावलं.

"हे ओलं शेण कोणी टाकलं?"

काका काठीने माती उकरत म्हणाले, "थोडंसंच गं. झाडं मलूल वाटत होती."

"आणि युरिया?"

"मलाही मलूलच वाटली," भाऊ म्हणाला. "चिमूटभर घातला."

"चिमूटभर? चिमूटभराने सुपाएवढी पानं होतात? सगळा जोर पानांत, आणि गड्डे फुटले ते फुटलेच! अरे, एकमेकांना विचारायचं तरी!"

"इथे ऐकतंय कोण?" दोघंही एकदम म्हणाले, एकमेकांकडे बोट दाखवत.

ताईला हसावं की रडावं कळेना. त्यातल्या त्यात बरे गड्डे निवडून ती दवाखान्यात घेऊन गेली. आचाऱ्याने क्रेट उघडले आणि तसेच परत दिले. "ताई, हे आजाऱ्यांना घालू? गुरांना घाला." घरी येऊन ती दार लावून बसली आणि रागाने रडली. पाणी न देता नुसतं जळू दिलं असतं, तरी इतकं लागलं नसतं. हे लाड करून मारलं होतं.

पुढच्या लावणीआधी तिने फर्मान काढलं. "काका, पोती तुमच्या ताब्यात. माझ्या वाटीच्या मापाबाहेर एक दाणा गेला तर बघा. आणि तू, खड्डा तुझा. पूर्ण कुजल्याशिवाय घमेलं हलवायचं नाही."

भाऊ नाकाला रुमाल बांधून खड्डा उपसायचा, वरचं खाली करायचा आणि कुरकुरायचा. काका वाटीने खत मोजायचे आणि विष हाताळल्यासारखे कोपरापर्यंत हात धुवायचे. ताई दोघांच्या डोक्यावर उभी. शेण काळं, भुसभुशीत झालं, त्याला नुसता मातीचा वास येऊ लागला, तेव्हा कुठे ते जमिनीत मिसळलं. रोपं रुजल्यावर थोडं रासायनिक खत, बुंध्यापासून लांब; गड्डा धरू लागला तेव्हा आणखी थोडं. पाणी मात्र ती स्वतः द्यायची. माती पार सुकू द्यायची नाही आणि डबकंही होऊ द्यायचं नाही.

या वेळी गड्डे गुळगुळीत, गोल, फिकट हिरवे निघाले. पोचवायला दोघंही हौसेने टेम्पोत बसून आले. आचाऱ्याने एक सोलला, कच्चाच कुरकुर खाल्ला आणि म्हणाला, "वा! काय घातलंत याला?"

"शेणखत!" काका छाती काढून म्हणाले.

"नुसत्या शेणखताने होतं का? वरचा डोस मी सुचवलेला," भाऊ म्हणाला.

"तू? तू तर नाक धरून उभा होतास!"

आचारी बिचारा एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. ताईकडे कोणी बघितलंच नाही. तिने रिकामे क्रेट मागे टाकले, टेम्पो सुरू केला आणि दोघांना तिथेच भांडत सोडून निघाली. घर चांगलंच लांब होतं. ते चालत येईपर्यंत तिला पोटभर शांतता मिळणार होती.